चारशे बारा हात

माझ्या संशयी स्वभावाला घरातले हसतात, पण त्याच स्वभावावर मी तीस वर्षं पोट भरलं आहे. पंखा, शिलाई मशीन, रक्तदाब मोजायचं यंत्र, काहीही विकत घ्या; खोक्यातून घडी घातलेला एक कागद निघतो. त्यावर चित्रं असतात. हा खटका इथे दाबा, ही नळी अशी जोडा. ती चित्रं मी काढते. काढताना मनाशी एकच गोष्ट धरून चालायचं असतं, की घेणारा ही वस्तू उलटीच धरणार, झाकण नको त्या बाजूलाच फिरवणार आणि वर कंपनीच्या नावाने खडे फोडणार. गिऱ्हाईक शहाणं आहे असं समजून मी चित्रं काढली असती, तर आतापर्यंत कितीतरी लोकांची बोटं कापली गेली असती.

त्यामुळे कंपासचा करार आला त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

कंपास हा माझा जुना सहकारी. शिलाई मशीनच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. तो नुसत्या पेन्सिलीने इतकं नेमकं वर्तुळ काढायचा, की आमचे साहेब त्यावर खरा कंपास ठेवून बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. तेव्हापासून त्याचं नाव कंपास. कारखान्याला टाळं लागल्यावर त्याने स्वतःची छोटी फर्म काढली. कंपन्यांकडून पत्रकांची कामं तो आणायचा आणि चित्रं माझ्याकडे द्यायचा. इतक्या वर्षांत आमच्यात कधी कागद झाला नाही. तो फोन करून विचारायचा, घेतेस का? मी म्हणायचे, घेते. तेवढ्यावर आमचं सगळं चालायचं.

आणि आता ईमेलवर चौदा पानांचा उपकंत्राट करारनामा. त्यात कंपास होता 'पहिला पक्ष' आणि मी 'दुसरा पक्ष'. एकाच टेबलावर एकमेकांचे खोडरबर चोरलेली आम्ही माणसं, आणि पक्ष कसले होतोय.

काम मोठं होतं, हे मान्य. औषधोपचाराची उपकरणं बनवणारी एक बडी कंपनी होती, तिची चाळीस पत्रकं, दोन वर्षांचं काम. पण कंपासने फोन केला तेव्हा त्याचं बोलणं मला नेहमीचं वाटलं नाही. एरवी हा माणूस एका दमात तीन वाक्यं बोलतो आणि चौथ्याच्या जागी हसतो. त्या दिवशी एकेक शब्द तोलून, मध्ये मध्ये थांबत बोलत होता. सावकाश वाच, घाई नाही, वकिलाला दाखवायचं तर दाखव, असं म्हणाला. कुणीतरी शेजारी बसून सांगतंय आणि हा म्हणून दाखवतोय, असं मला वाटलं.

'वकिलाला दाखव' हे शब्द तर डोक्यात वळवळत राहिले. मी ते मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झाले, पण अजूनही समोर फळा असल्यासारखे बोलतात. ते म्हणाले, "अगं, त्याला काही लपवायचं असतं तर त्याने वकिलाचं नाव कशाला काढलं असतं?"

"तेच तर म्हणतेय मी," मी म्हटलं.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पेपर उघडला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कुठे थांबायचं ते कळलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी करार छापून आणला. पहिली अकरा पानं छापली. इथे मला माझ्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. आमच्या पत्रकांत चित्रं संपली की पत्रक संपतं. मागच्या पानांवर वॉरंटीचं कार्ड, दुरुस्ती केंद्रांचे पत्ते, आणि तोच मजकूर आणखी पाच भाषांत. ती पानं कुणी वाचत नाही, आम्हीही वाचत नाही. जुन्या पत्रकातून उचलतो आणि नव्याला जोडतो. कराराच्या बाराव्या पानावर 'परिशिष्ट अ' आणि खाली पत्त्यांची यादी दिसली, तेव्हा मी दुकानदाराला म्हटलं, बास, इथपर्यंतच.

वकीलबाई मला मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सुचवली. चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस. दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीच्या पायाखाली कागदाची घडी. भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे, प्रत्येकाला सुतळी. बाई चाळिशीची असेल. तिने करार घेतला, ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली आणि पहिल्या ओळीखाली ठेवून वाचायला लागली. एक ओळ झाली की पट्टी खाली. फोन वाजला, तिने पाहिलं नाही. मला ते आवडलं, आणि लगेच असंही वाटलं की इतकं सावकाश वाचते ती बिल वाढवायला तर नाही ना.

नवव्या कलमावर पट्टी थांबली. बराच वेळ थांबली.

तिने विचारलं, "या कामात तुम्ही तुमचं असं काही आधीचं वापरणार आहात का? आधीपासून तयार असलेलं?"

"हात," मी म्हटलं.

तिला कळलं नाही, म्हणून मी समजावलं. वस्तू कशी धरायची हे दाखवायला चित्रात हात लागतो, आणि हात काढणं हे सगळ्यात अवघड. चेहरा थोडा चुकला तरी चालतो, हात चुकला की लगेच पंजा दिसायला लागतो. माझ्याकडे चारशे बारा हात आहेत. चिमटीत धरणारा, मूठ वळलेला, अंगठ्याने दाबणारा, नळी पिळणारा, टोपण उघडणारा. उजवे आणि डावे, वरून आणि बाजूने. प्रत्येकाला नंबर आहे. कारखान्यात असताना तीन वर्षं जेवणाच्या सुट्टीत बसून मी ते काढले. आजवरचं माझं प्रत्येक पत्रक त्या हातांवर उभं आहे. हात तेच, फक्त त्यांच्यातली वस्तू बदलते. आता माझ्या डोळ्यांना तशी बारीक रेघ झेपत नाही. ते हात गेले तर मला दुसरे काढता येणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय मला कुणी काम देणार नाही.

"आणि ते कुणाचे? म्हणजे समोर कोण बसायचं?"

"कंपास. हाच तो पहिला पक्ष. त्याची बोटं लांब होती आणि तो पाव-पाव तास हलायचा नाही."

वकीलबाईने मान हलवली आणि नववं कलम मला सोप्या भाषेत सांगितलं. या कामात वापरलेलं माझं आधीचं सगळं साहित्य सही केल्या क्षणापासून पहिल्या पक्षाचं होणार. कायमचं. पुढे मी दुसऱ्या कुणासाठी त्यातला एकही हात वापरला तर माझ्यावर दावा लागू शकतो.

माझ्या कानशिलावर कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. बाई पुढे काहीतरी बोलत होती, पण मला ते लांबून ऐकू येत होतं. कलमाच्या सुरुवातीला 'परिशिष्ट ब च्या अधीन राहून' असे शब्द आहेत, ते परिशिष्ट कुठे आहे, असं ती विचारत होती.

"ते मागचं असतं हो. पत्ते वगैरे."

"तुम्ही वाचलंत?"

"पहिलं पाहिलं. पत्तेच होते."

तिने पट्टी बाजूला ठेवली. "मी अर्धा करार वाचून मत देत नाही. सगळी पानं आणा, मग बोलू. आणि तोपर्यंत कुणाला काही लिहू नका, काही कळवू नका."

म्हणजे दुसरी खेप, म्हणजे दुसरी फी. मी हसून उठले आणि जिना उतरताना मनातल्या मनात तिलाही संशयितांच्या यादीत घातलं.

घरी येईपर्यंत सगळं एकेक जागेवर बसत गेलं. वर्ष-दीड वर्षात कंपास एकदाही घरी आला नव्हता. पूर्वी प्रत्येक कामाच्या वेळी वस्तू घेऊन स्वतः यायचा, मास्तरांशी वाद घालायचा, दोन कप चहा प्यायचा. हल्ली सगळं कुरिअरने. म्हणजे तोंड चुकवत होता. गेल्या वर्षी त्याने आणखी एक गोष्ट मागितली होती, ती तर आता मला लख्ख आठवली. हात सगळे स्कॅन करून एक प्रत माझ्याकडे पाठव, तुझं मशीन बंद पडलं तर पंचाईत नको, असं म्हणाला होता. आणि मी मूर्खासारखे चारशे बाराच्या चारशे बारा पाठवले होते. आभारही मानले होते. माल आधीच त्याच्या गोदामात जाऊन पडला होता, आता फक्त माझी सही हवी होती.

मी पायातल्या चपलाही न काढता टेबलाशी बसले आणि ईमेल लिहिली. मास्तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, उद्या सकाळी परत वाच आणि मग पाठव. मी म्हटलं, उद्या सकाळी माझा राग गेलेला असेल. ते म्हणाले, म्हणूनच. मी पाठवली.

काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे, कारण नंतर मी ते फार वेळा वाचलं. 'तुझा डाव कळला. हात मी काढले आहेत आणि त्यांच्यावर तुझा काडीचाही हक्क नाही, हे मला लेखी हवं, तुझ्या सहीनिशी. नववं कलम काढ. मागची परिशिष्टं-बिरिशिष्टं पण काढ, मला ती नकोत. साधा अकरा पानांचा कागद पाठव, नाहीतर तुझी चाळीस पत्रकं दुसऱ्या कुणाकडून करून घे.'

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'बरं. तसं करतो. थोडे दिवस लागतील.'

एवढंच. भांडण नाही, समजावणं नाही, एखादी शिवीसुद्धा नाही. जो कंपास एका बाणाची दिशा बदलायची तर अर्धा तास हुज्जत घालायचा, तो एका ईमेलवर गप्प बसतो? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी मास्तरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, त्याने भांडण केलं असतं तरी तू हेच म्हणाली असतीस. मी त्या दिवशी त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलले.

तीन आठवड्यांनी कुरिअर आलं. मी पाकीट उघडायच्या आधी उजेडात धरून पाहिलं. आत करार होता, अकरा पानांचा. नववं कलम नव्हतं, आठच्या पुढे थेट दहा होतं. मागची पानं नव्हती. आणि सोबत एक वेगळा कागद: 'मी खाली सही करणार असं लिहून देतो की, माझ्या हातांवरून काढलेल्या एकूण चारशे बारा चित्रांवर माझा, माझ्या वारसांचा किंवा माझ्या व्यवसायाचा कसलाही हक्क नाही, नव्हता आणि पुढे राहणार नाही.'

मला हवं होतं ते शब्दशः मिळालं होतं. मी खाली पाहिलं. सहीच्या जागी सही नव्हती. तिथे जांभळ्या शाईत अंगठा होता.

 ज्याची सही आम्ही ड्रॉइंग ऑफिसमध्ये गंमत म्हणून गिरवायचो, आणि कुणालाच ती जमायची नाही, त्या माणसाने अंगठा लावला होता. शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. एक त्याच्या बायकोची, दुसरी ओळखीची नव्हती. मला एकच अर्थ लागला: उद्या हा म्हणणार, मी सुशिक्षित माणूस, मी अंगठा कशाला लावेन, हा कागद माझा नाहीच. मी बोट ठेवून पाहिलं, अंगठा जरा फरफटल्यासारखाही होता. म्हणजे मुद्दाम अस्पष्ट.

मास्तर कागदाकडे पाहत राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी काही शिकवलं नाही. "तू त्याला जाऊन भेट," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, आधी वकील.

या वेळी मी वकीलबाईला सगळं दिलं. कंपासची मूळ ईमेलसुद्धा जशीच्या तशी पुढे पाठवली, चौदाच्या चौदा पानं. तिने ती स्वतः छापून घेतली. अंगठ्याचा कागद तिने आधी पाहिला आणि माझी शंका ऐकून घेतली. ती म्हणाली, "सही माझी नाही म्हणणारे मी रोज बघते. अंगठा माझा नाही म्हणून टिकलेला अजून पाहिला नाही. दोन साक्षीदार आहेत. हा कागद सहीपेक्षा पक्का आहे."

मग तिने फूटपट्टी काढली आणि मूळ कराराचं तेरावं पान घेतलं. परिशिष्ट ब. वाचता वाचता तिची पट्टी हळू होत गेली. शेवटी तिने ते पान उलटं करून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, तुम्हीच वाचा.

दीड पान होतं. हातांची चित्रं क्रमांक एक ते चारशे बारा ही पूर्णपणे दुसऱ्या पक्षाची, म्हणजे माझी, मालमत्ता आहे. नववं कलम त्यांना लागू नाही. उपकरणांच्या कंपनीला ती फक्त या चाळीस पत्रकांपुरती वापरायची परवानगी आहे. पहिल्या पक्षाचा व्यवसाय दुसऱ्या कुणाकडे गेला तरी नव्या मालकाला त्यांवर हक्क सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या पक्षाला ठरल्यापेक्षा कमी कामही देता येणार नाही. ज्याच्या हातांवरून चित्रं काढली त्या व्यक्तीची याला संमती आहे. त्यातलं एक अख्खं पान चारशे बारा हातांची यादी होती, मुंगीएवढ्या अक्षरात, रकाने पाडून, नंबरवार. 'क्र. ८७, उजवा, चिमटीत बारीक स्क्रू. क्र. २०३, डावा, टोपण फिरवताना.' मी स्वतः अशी यादी कधी केली नव्हती. त्याने माझ्याकडे प्रत कशाला मागितली होती ते आता कळलं.

"ज्याने हे करून घेतलंय," वकीलबाई म्हणाली, "त्याने तुमच्या बाजूने स्वतःच्या वकिलाला चांगलंच राबवलंय. नववं कलम त्या बड्या कंपनीचं असणार, त्यांच्या प्रत्येक करारात ते असतं. ते निघत नाही, म्हणून त्याने मागे हे जोडलं. आणि तुम्ही ते काढायला लावलंत."

मी यादीवरून परत एकदा बोट फिरवलं. पण खरं सांगायचं तर, तेव्हाही मला वाईट वाटण्याआधी दुसरंच काहीतरी डोक्यात आलं. ती व्यवसाय दुसऱ्याकडे गेल्याची ओळ. म्हणजे हा फर्म विकतोय. मला न सांगता. मला खुर्च्या-टेबलांबरोबर नव्या मालकाच्या हवाली करतोय, आणि जाता जाता मनाला टोचू नये म्हणून दीड पान लिहून ठेवलंय. मी वकीलबाईला तसं म्हटलंही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, कायद्याचा सल्ला माझा देऊन झाला, आता तुम्ही त्यांना भेटाच. त्या खेपेची तिने फीही घेतली नाही. का घेतली नाही, याचाही मी जिना उतरेपर्यंत विचार करत होते.

तिथूनच बस पकडून मी कंपासच्या घरी गेले. दुपारचे तीन वाजले होते. काय काय बोलायचं ते मी बसमध्ये क्रमाने लावून ठेवलं, पत्रकातल्या चित्रांसारखं, एक, दोन, तीन.

वहिनींनी दार उघडलं. मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. "या," म्हणाल्या, "कागद मिळाला ना? हे म्हणालेच होते तुम्ही याल."

कंपास खिडकीजवळ त्याच्या जुन्या टेबलाशी बसला होता. टेबलावर पेन्सिली नव्हत्या, कागद नव्हते, नुसतं लाकूड. तो उठला नाही. मी बसलेही नाही आणि सुरुवात केली. कुणाला विकतोस फर्म? मला सांगायची लाज वाटली? आणि अंगठा कशाला लावलास, कुणाच्या सांगण्यावरून? तो ऐकत होता. चेहऱ्यावर रेष हलत नव्हती, आणि त्यामुळे मला आणखी चेव चढला.

मग मला खुर्चीच्या हातावरचा त्याचा उजवा हात दिसला. तो हलत होता. अंगठा पहिल्या बोटावर सारखा घासत होता, एखादी गोळी वळावी तसा, न थांबता. पकडला गेलाय म्हणून थरथरतोय, असं माझ्या मनात आलं. आधी हेच आलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आलं ते आलं.

त्याने डावा हात उजव्यावर ठेवला. मग दोन्ही हलायला लागले.

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "बस आता."

मी बसले. तो सावकाश, मधे मधे थांबत बोलला, आणि ते थांबणं कुणाच्या सांगण्यावरून नव्हतं हे मला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. आधी पेन्सिल गेली, मग सही गेली. बँकेने तीन वेळा सही परत पाठवली, तेव्हापासून अंगठा. आता जिभेवरही जोर द्यावा लागतो. फर्म तो विकत नव्हता, भाच्याला देत होता. भाचा चांगला आहे, पण त्याने मला कधी पाहिलेलं नाही. "तू आणि मी फोनवर काम केलं," तो म्हणाला. "तो कशाला करेल? त्याला उद्या कुणी सांगितलं की हे हात तुझ्या मामाचे आहेत, तर तो म्हणेल, मग आपलेच. म्हणून कागद केला." माझी ईमेल आली तेव्हा नववं कलम काढून घ्यायला तो स्वतः त्या कंपनीत गेला होता. दोनदा. पहिल्यांदा पायऱ्यांवर पडला, हे वहिनींनी आतून सांगितलं. तो म्हणाला, ते सांगायची गरज नव्हती.

मी त्याच्या हातांकडे पाहत होते. ते हात मी नखांसकट ओळखते. कोणतं बोट कुठल्या सांध्यात किती वाकतं ते मी डोळे मिटून काढू शकेन. आणि ते हात दीड वर्षं असे हलत होते आणि मला पत्ता नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की मला रागच आला.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. "मास्तरांना सांगायचंस. कुणालाही सांगायचंस."

"काय सांगणार? माझे हात थरथरतात, म्हणून या चौदा पानांवर सही कर?" तो थांबला. शब्द तोंडात जुळवत राहिला. "तू काय म्हणाली असतीस? खरं सांग."

काहीतरी चांगलं बोलायला मी तोंड उघडलं. मला चांगलं काही सापडेना. तो वाट बघत होता, आणि तीस वर्षांत मी याच्याशी खोटं फारसं बोललेले नाही.

"म्हटलं असतं, आजाराचं सोंग करून सही घेतोय."

"तेच," तो म्हणाला आणि हसला. हसूही आता त्याच्या चेहऱ्यावर उशिरा पोचत होतं. "म्हणून मी वकिलाला दाखव म्हटलं. म्हटलं, माझ्यावर नाही तर निदान त्याच्यावर विश्वास ठेवशील."

वहिनी चहा घेऊन आल्या. माझा भरलेला, त्याचा अर्धा, रुंद पेल्यात. ट्रेमध्ये कपांच्या शेजारी एक जाड फाइल होती, दवाखान्याची. ती त्यांनी काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, घरातलं एक काम राहून जाऊ नये तसं त्या म्हणाल्या, "हे म्हणाले होते, ती आली की आधी फाइल पुढे ठेव. तिला कागदाशिवाय पटत नाही."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हटलं, वहिनी, असं काय करता, उचला ती आधी, मला कसला पुरावा हवाय? मला काय दिसत नाही का? मी मनापासून म्हणत होते.  मी आणखीही बरंच बोलले, माफ कर म्हणाले, तीन-चार वेळा म्हणाले.

कंपास माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. तो टेबलाकडे बघत होता, म्हणून मीही खाली पाहिलं. माझ्या हाताने फाइल उघडली होती, आणि माझं बोट पहिल्या रिपोर्टच्या तारखेवर होतं.

तारीख दीड वर्षापूर्वीचीच होती.